घातांकात अडकलेले दिवस

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ या पट्ट्यात ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्ष बागायतदाराचं कॅलेंडर बदलतं. तारखा मागे पडतात आणि छाटणीपासूनचे दिवस मोजले जातात. फुलोरा कितव्या दिवशी, थिनिंग कितव्या दिवशी, मण्यात पाणी कधी उतरलं, सगळं याच हिशेबात बोललं जातं. माल युरोपला जाणार असेल तर त्यात आणखी एक मोजणी येते. शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं? शिफारशींच्या तक्त्यात या दिवसांना पीएचआय म्हणतात. मण्यात औषधाचा जास्तीत जास्त किती अंश चालेल, ती मर्यादा म्हणजे एमआरएल.

या मोजणीचं मोल २०१० साली सगळ्यांनाच कळलं. वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरलं जाणारं क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदारांच्या तोंडचं लिहोसिन, मर्यादेपेक्षा जास्त सापडलं आणि युरोपात भारतीय द्राक्षांचा माल नाकारला गेला. शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या अपेडाची ग्रेपनेट ही नोंदणी-तपासणीची व्यवस्था २००६ पासून होती. पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र अंश-तपासणीचं काम बघत होतं. तरीही एका रसायनानं सगळ्या हंगामाला घोर लावला.

फवारणीनंतर मण्यातला अंश कमी कसा होतो? अगदी ढोबळ नियम असा, की जितका अंश शिल्लक असेल त्या प्रमाणात तो कमी होतो. जास्त असेल तेव्हा भराभर, थोडा उरला की संथ. एखाद्या औषधाचा अर्धा अंश पाच दिवसांत जात असेल, तर दहा दिवसांत सगळा जात नाही, पाव उरतो. पंधरा दिवसांनी आठवा हिस्सा उरतो. ऊन, पाऊस, मण्याची फुगवण आणि औषधाचा स्वभाव यांवर हे दिवस बदलतात. लिहोसिनसारखी वेलीच्या अंगात भिनणारी रसायनं तर या साध्या नियमाला सहज दाद देत नाहीत. त्यामुळे बागेत पाळायचा तो अधिकृत पीएचआयच. इथे आपल्याला हवं आहे ते त्या दिवसांमागचं गणित, कारण नैसर्गिक लॉगची समीकरणं सोडवताना होणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुका या एका उदाहरणात दिसतात.

आकडे समजण्यापुरते घेऊ. फवारणीच्या दिवशी अंश किलोमागे २.४ मिलिग्रॅम, मर्यादा ०.३ मिलिग्रॅम, अर्धा होण्याचा काळ ५ दिवस. द दिवसांनी उरलेला अंश असा लिहितात:

२.४ × ई^(−क × द)

इथे ^ ही खूण घात दाखवते. ई म्हणजे २.७१८२८… ही संख्या आणि क म्हणजे घटण्याचा दर. कॅल्क्युलेटरवर ‘एलएन’ नावाची जी कळ असते ती नैसर्गिक लॉगची, म्हणजे ई हा पाया धरून घातांक विचारणारी. ‘लॉग’ नावाची कळ १० हा पाया धरते. या लेखातही एलएन आणि लॉग हे शब्द त्याच अर्थानं येतील.

पाच दिवसांत अर्धा अंश, म्हणून ई^(−५क) = ०.५. दोन्ही बाजूंचा एलएन घेतला की −५क = −०.६९३१, म्हणजे क = ०.१३८६. या आकड्याचा अर्थ ‘रोज १३.८६ टक्के घट’ असा लावण्याचा मोह होतो. तसं धरून पाच दिवस चालवलं तर अंश ५० ऐवजी ४७.४ टक्क्यांवर येतो, म्हणजे आपणच दिलेली अट मोडते. क हा क्षणाक्षणाचा दर आहे. पूर्ण दिवसाची घट १ − ई^(−०.१३८६), म्हणजे १२.९ टक्के भरते. दिवसभरात अंश कमी होत जातो, त्यामुळे घटीचा वेगही कमी होत जातो, म्हणून हा फरक.

आता प्रश्न: अंश ०.३ वर कधी येईल?

२.४ × ई^(−०.१३८६ × द) = ०.३

आपल्याला हवे असलेले दिवस घातांकात वर अडकलेत. त्यांना खाली उतरवण्याचं काम एलएन करतो, पण घाई केली तर भलतंच काहीतरी खाली येतं. सगळ्यात जास्त दिसणारी चूक इथली. विद्यार्थी समीकरण दिसताक्षणी एलएन लावतो आणि डावीकडे २.४ × (−०.१३८६ × द) असं लिहितो, जणू एलएन फक्त ई ला भिडला आणि २.४ बाजूला उभा राहिला. त्यातून ३.६ दिवस असं उत्तर येतं. ते परत समीकरणात घालून बघितलं तर अंश १.४५ मिलिग्रॅम निघतो, मर्यादेच्या जवळपास पाचपट.

एलएन संपूर्ण बाजूचा घ्यायचा असतो, आणि गुणाकाराचा एलएन म्हणजे एलएनांची बेरीज. म्हणून आधी २.४ ने भागून ई ची राशी एकटी पाडायची आणि मगच एलएन घ्यायचा, हा क्रम अंगवळणी पाडलेला बरा:

ई^(−०.१३८६ × द) = ०.१२५
−०.१३८६ × द = −२.०७९
द = १५

मधल्या ओळीत उजवीकडे उणे चिन्ह आलं की काही जण दचकतात. उणे संख्येचा एलएन वास्तव संख्यांत निघत नाही, हे खरं. पण एलएनचं उत्तर उणे यायला काहीच हरकत नाही. ० आणि १ यांच्यामधल्या प्रत्येक संख्येचा एलएन उणेच असतो. ०.१२५ चा एलएन उणे आला नसता तर उलट काळजी करायला हवी होती. दोन्हीकडची उणे चिन्हं भागाकारात जातात आणि दिवस धन येतात. ‘लॉग उणे नसतो’ असं अर्धवट पाठ करून मधलंच चिन्ह गाळणारा विद्यार्थी शेवटी उणे १५ दिवसांवर पोचतो.

गणित हातात आलं की काही नवल वाटावं अशा गोष्टी समजतात. डोस दुप्पट झाला, सुरुवातीचा अंश ४.८ झाला, तर किती थांबावं लागेल? दुप्पट नाही. आणखी एक अर्धा होण्याचा काळ, म्हणजे पाच दिवस जास्त, एकूण वीस. आणि मर्यादा कडक झाली तर? ज्या औषधाची स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. ०.३ वरून ०.०१ म्हणजे तीसपट कडक. दिवस मात्र १५ वरून साधारण ३९.५ वर जातात, कारण २.४ ÷ ०.०१ म्हणजे २४०, एलएन(२४०) ५.४८ आहे आणि तो ०.१३८६ ने भागायचा. एलएन पटींचं रूपांतर बेरजेत करतो. पण छाटणीपासून मोजलेल्या हंगामात हे वाढीव पंचवीस दिवस मिळत नाहीत, म्हणून तसलं औषध शेवटच्या टप्प्यात नकोच, असा निर्णय या गणितातूनच निघतो.

आता जरा अवघड प्रसंग. त्याच औषधाच्या दोन फवारण्या झाल्या, दहा दिवसांच्या अंतरानं. दुसऱ्या फवारणीच्या दिवशी पहिलीचा पाव हिस्सा, म्हणजे ०.६ उरलेला आहे, आणि त्यावर नवे २.४ पडले. समीकरण असं:

(०.६ + २.४) × ई^(−०.१३८६ × द) = ०.३

इथे एलएन(०.६ + २.४) म्हणजे एलएन(०.६) + एलएन(२.४) असं लिहिणारे वर्गात कितीतरी भेटतात. लॉग ‘वाटून देण्याची’ ही सवय कंसाच्या बीजगणितातून येते. २ × (अ + ब) मध्ये २ दोघांना वाटला जातो, मग एलएनही वाटला जात असेल असं मनात बसतं. पण एलएन ही कंसाला गुणणारी संख्या नाही, ती आतल्या राशीवर होणारी क्रिया आहे. एलएनांची बेरीज केली की आतल्या संख्यांचा गुणाकार होतो, त्यामुळे या चुकीनं ३ च्या जागी ०.६ × २.४, म्हणजे १.४४ बसतात. उत्तर येतं ११.३ दिवस. बरोबर उत्तर आहे १६.६ दिवस. चुकीच्या उत्तराप्रमाणे काढणी केली तर अंश ०.६२५ भरतो, मर्यादेच्या दुपटीहून जास्त. वहीत ही एका मार्काची चूक, बागेत मात्र सॅम्पल फेल. बेरीज असली की आधी बेरीज पुरी करायची किंवा सामाईक राशी बाहेर काढायची. एलएन बेरजेच्या आत शिरत नाही, तसा कोणताही नियमच नाही.

बारावीच्या मुलांची खरी पंचाईत पायांच्या बाबतीत होते. महाराष्ट्र बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, आणि ते टेबल १० पायाचं असतं. रसायनशास्त्रात प्रथम श्रेणी अभिक्रियेच्या सूत्रात म्हणूनच २.३०३ हा आकडा बसवलेला आहे. कोणत्याही संख्येचा एलएन म्हणजे तिच्या लॉगच्या २.३०३ पट. द्राक्षातला अंश घटणं हीसुद्धा ढोबळमानानं प्रथम श्रेणी अभिक्रियाच. आता मुलं काय करतात, तर क काढताना ०.६९३ हा पाठ असलेला आकडा वापरतात, जो एलएन(२) आहे, आणि पुढच्या पायरीला, २.४ ÷ ०.३ = ८ म्हणून, टेबलमधून लॉग(८) = ०.९०३१ उचलतात. एक पाया ई चा, दुसरा १० चा. भागाकार केला की ६.५ दिवस येतात, आणि त्या दिवशी खरा अंश असतो ०.९७. २.३०३ ने गुणलं असतं तर १५ दिवस आले असते.

यावर एक साधा उपाय आहे आणि तो शाळा-कॉलेजात पुरेसा सांगितला जात नाही असं मला वाटतं. गुणोत्तर घेतलं तर पायाचा प्रश्नच मिटतो. लॉग(८) ÷ लॉग(२) = ०.९०३१ ÷ ०.३०१० = ३. एलएन(८) ÷ एलएन(२) = २.०७९ ÷ ०.६९३१ = ३. दोन्ही कळा एकच सांगतात: तीन वेळा अर्धा, प्रत्येकी पाच दिवस. पाया कोणताही घ्या, वर-खाली एकच घ्या. चूक होते ती भेसळीनं.

पायाची गल्लत किती महाग पडू शकते याचं सातारा जिल्ह्यातलं उदाहरण कोयनेचं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला जो भूकंप झाला त्याची तीव्रता ६.३ ते ६.५ दरम्यान सांगितली जाते. ही मोजपट्टी १० पायाच्या लॉगची आहे. तीव्रतेत एका अंकाचा फरक म्हणजे बाहेर पडणाऱ्या ऊर्जेत १०^१.५, म्हणजे साधारण ३१.६ पट फरक. कुणी इथे सवयीनं ई चा पाया घेतला तर ई^१.५ म्हणजे ४.५ पटच उत्तर येईल, सातपट कमी. ५.३ आणि ६.३ च्या भूकंपांत साडेचारपटच फरक आहे असं समजून कुणी इमारतीचा विचार करू लागला, तर ती चूक कागदावर राहणार नाही. सूत्र कोणत्या पायावर बेतलंय हे सूत्रासोबतच लक्षात ठेवावं लागतं, नुसतं ‘लॉग’ लिहिलेलं बघून ठरवता येत नाही.

समीकरणांचा दुसरा प्रकार म्हणजे अज्ञात राशीच एलएनच्या आत असणं. इथे थोडक्यात दोनच उदाहरणं पुरेत, पण ती जोडीनं बघायला हवीत.

एलएन(क्ष) + एलएन(क्ष − ३) = एलएन(१०)

डावी बाजू एकत्र केली की क्ष × (क्ष − ३) = १०, आणि त्यातून क्ष = ५ किंवा क्ष = −२. दुसरं उत्तर मूळ समीकरणात घातलं तर एलएन(−२) आणि एलएन(−५) येतात, जे अस्तित्वातच नाहीत. दोन उणे संख्यांचा गुणाकार धन होतो, म्हणून एकत्र केलेल्या रूपात त्यांचा दोष झाकला गेला. म्हणून −२ सोडायचं. इथपर्यंत बहुतेकांना जमतं. पण मग ‘लॉगच्या गणितात उणे उत्तर सोडायचं’ असा घरगुती नियम तयार होतो, आणि पुढचं गणित त्याला बळी पडतं:

एलएन(३ − क्ष) = २

३ − क्ष = ई^२ = ७.३८९, म्हणून क्ष = −४.३८९. उत्तर उणे आहे आणि शंभर टक्के बरोबर आहे, कारण एलएनच्या आतली राशी ७.३८९ आहे. तपासायचं असतं ते आतल्या राशीचं चिन्ह. क्ष चं चिन्ह काहीही असो. याच दुर्लक्षापायी एलएन(क्ष × क्ष) = ४ याचं एक उत्तर हरवतं. घाईनं २ × एलएन(क्ष) = ४ लिहिलं की क्ष = ई^२ एवढंच हाती लागतं. −ई^२ चा वर्गही तेवढाच असतो, पण क्ष वर नसलेलं बंधन आपणच लादल्यामुळे हे उत्तर बाहेर पडतं.

शेवटचं गणित दोन जिल्ह्यांमधलं. १९४९ साली साताऱ्यातून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली नाव मिळालं. २००१ च्या जनगणनेत साताऱ्याची लोकसंख्या २८,०८,९९४ आणि सांगलीची २५,८३,५२४ होती. २०११ मध्ये सातारा ३०,०३,७४१ आणि सांगली २८,२२,१४३. सांगली मागे आहे, पण वाढ जास्त वेगानं होते आहे. हाच वेग राहिला तर ती साताऱ्याला कधी गाठेल?

आधी दर. सांगलीचा क = एलएन(२८,२२,१४३ ÷ २५,८३,५२४) ÷ १० = ०.००८८३४. साताऱ्याचा याच रीतीनं ०.००६७०३. २०११ पासून व वर्षांनी दोन्ही सारखे होतात असं मांडू:

२८,२२,१४३ × ई^(०.००८८३४ × व) = ३०,०३,७४१ × ई^(०.००६७०३ × व)

अज्ञात दोन्हीकडे, दोन्हीकडे घातांकात. ई च्या राशी एका बाजूला, लोकसंख्या दुसऱ्या बाजूला आणल्या आणि एलएन घेतला, की उरतं एवढंच:

०.००२१३१ × व = एलएन(३०,०३,७४१ ÷ २८,२२,१४३) = ०.०६२३६

व = २९.३. म्हणजे २०४० च्या सुमारास, दोन्ही जिल्हे साधारण ३६.५ लाखांवर असताना. दरवर्षी ठरावीक संख्येनं वाढ होते असं धरून साधी वजाबाकी-भागाकार केला असता तर ४१ वर्षं आली असती.

इथली ठरलेली चूक म्हणजे भागाकाराचा एलएन आणि एलएनांचा भागाकार एकच समजणं. एलएन(३०,०३,७४१) ÷ एलएन(२८,२२,१४३) केलं तर १.००४२ येतात आणि वर्षं निघतात ४७१. दिसायला दोन्ही ओळी सारख्याच, फक्त कंस कुठे बंद होतो याचा फरक, आणि उत्तर तीस वर्षांऐवजी पावणेपाच शतकं. भागाकाराचा एलएन म्हणजे एलएनांची वजाबाकी, १४.९१५४ − १४.८५३०. एलएनांचा भागाकार वेगळा, तो वर ८ आणि २ च्या उदाहरणात आला तसा पाया बदलताना कामी येतो.

दुसरी चूक दिसत नाही म्हणून जास्त फसवते. दोन दर एकमेकांच्या इतके जवळ आहेत की तीन दशांश स्थळांवर गोळाबेरीज केली, ०.००९ आणि ०.००७ धरले, तर फरक ०.००२ होतो आणि वर्षं ३१ वर जातात. जवळच्या दोन आकड्यांची वजाबाकी करायची असेल तर आकडे शेवटपर्यंत पूर्ण ठेवायचे, गोळाबेरीज उत्तराला.

२०२१ ची जनगणना झाली नाही. नवी जनगणना १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून जाहीर झाली आहे. ते आकडे आले की हे गणित पुन्हा मांडावं लागेल, आणि तेव्हा १० ने भागण्याची सवय नडेल. १ मार्च २०११ पासून तिथवर १६ वर्षं होतात, त्यामुळे दर काढताना एलएनला १६ ने भागायचं, आणि व ची मोजणी २०२७ पासून सुरू करायची. त्यातून व उणे आला तर तो चूक म्हणून खोडू नये. दर सांगलीचाच जास्त असेल तर उणे व चा अर्थ सांगलीनं साताऱ्याला आधीच गाठलं. दर साताऱ्याचा जास्त झाला असेल आणि सातारा पुढेच असेल, तर मात्र उणे व सांगतो की दोन्ही वक्रांची गाठ भूतकाळात पडते आणि पुढे कधीच पडत नाही. आणि लोकसंख्या वेगळ्या असून दोन्ही दर सारखेच निघाले तर डावीकडे शून्य उरतं, शून्यानं भागता येत नाही, आणि समीकरणाला उत्तर नसतं.